टेंटर पायऱ्यांवरचा दिवा

ॲव्हरिल टनिक्लिफ शाळेसमोर रस्त्यात उभी राहिली की दगडांनी भरलेला ट्रकसुद्धा निमूट थांबायचा. अंगात गुडघ्यांखाली जाणारा पिवळाधमक कोट, हातात उंच काठी, काठीच्या टोकाला गोल पाटी. काम एवढंच की सकाळी आणि दुपारी शाळेच्या पोरांना रस्ता ओलांडून द्यायचा. हे काम करणाऱ्या बायका इंग्लंडात गावोगाव आहेत आणि बहुतेकींच्या खिशात पोरांसाठी गोळ्या असतात. ॲव्हरिलच्या खिशात रुमाल असायचा, आणि शेंबड्या पोराच्या नाकाला तो ती स्वतः लावायची. कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली तर अख्खी रांग थांबवायची. “आधी नाडी. मग पलीकडे.” गाड्यांचे हॉर्न वाजोत, आया घड्याळं बघोत, ही ढिम्म.

स्टॅफर्डशरच्या डोंगराळ टोकाला असलेल्या आमच्या हॅरोक्लफमधली निम्मी वस्ती तिच्या काठीखालून मोठी झाली. पुढे कौन्सिलर झालेला डेमियन हॅलमही त्यातलाच. आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना प्रेमाने ‘बदका’ म्हणायची जुनी रीत आहे. ॲव्हरिल ती हाकसुद्धा अशी मारायची की बदकाला सुरी दिसावी.

तिच्या तिखट जिभेला कारण होतं. आमच्या गावाला एक रोग आहे, आणि तो गावालाच काय, सगळ्या मुलखालाच आहे: कुणाला त्रास म्हणून द्यायचा नाही. दुसऱ्याने तुमच्या पायावर पाय दिला तर माफी तुम्ही मागायची. हॉटेलात सूप थंड आलं तर ‘फार छान’ म्हणून संपवायचं आणि पुन्हा त्या हॉटेलाची पायरी चढायची नाही. सगळ्या दुखण्यांवर औषध एकच, ‘काही हरकत नाही’. ॲव्हरिलची आई या औषधानेच मेली. रेशमाच्या गिरणीत कामाला होती. छातीत गाठ हाताला लागली तेव्हा उन्हाळा होता. डॉक्टर सुट्टीवर निघाले होते, त्यांची सुट्टी कशाला बिघडवा. मग गिरणीत घाई होती. मग नाताळ आला, आणि नाताळात असले विषय कोण काढतं? शेवटी डॉक्टरांपुढे जाऊन बसली तेव्हा तपासून तेच गप्प झाले, आणि हीच त्यांना म्हणाली, “काही हरकत नाही, डॉक्टर.”

ॲव्हरिलला तेव्हा विसावं लागलं नव्हतं आणि भाऊ नेव्हिल शाळेत होता. आईला पुरून आल्यावर लोकांनी हॅमचे सँडविच खाल्ले, चहा प्यायले आणि म्हणाले, बाईने कधी कुरकुर केली नाही हो. ॲव्हरिलने त्या दिवशी ठरवलं की आपण करायची. आईच्या वाटणीचीसुद्धा.

बापाने आधीच घर सोडलं होतं, तेव्हा नेव्हिलला हिनेच वाढवलं. लग्न राहून गेलं. एकाने विचारलं होतं, पण त्याला ॲव्हरिल हवी होती आणि नेव्हिल नको होता. मग वरच्या आळीतल्या त्या चिंचोळ्या घरात दोघं बहीणभाऊ म्हातारपणाला लागले. नेव्हिल मात्र आईच्या वळणावर गेला होता. उंच, वाकलेला, हळू बोलणारा. दारातून आत येतानाही कुणाची तरी परवानगी मागितल्यासारखा यायचा. खालच्या बाजारात ओटच्या पिठाची धिरडी करायचं दुकान आहे, तिथे तो पोरवयात लागला तो तिथेच राहिला. शनिवारी सकाळी गावाला गरम धिरडं, त्यात चीज आणि बेकन, एवढं मिळालं की दुसरं काही लागत नाही. पण ते सकाळी मिळायचं तर कुणीतरी अंधारातच तवा तापवायला लागतो. तो कुणीतरी म्हणजे नेव्हिल.

वरच्या आळीतून बाजारात उतरायला टेंटर पायऱ्या आहेत. दोन्हीकडे भिंती, मधे दगडी पायऱ्या, आणि दगड मधोमध झिजून खोलगट झालेले. अर्ध्यावर पायऱ्या एकदम उजवीकडे वळतात. त्या वळणावर एक दिवा होता, आणि दिव्याला लागून पेगी शेरॅटच्या झोपायच्या खोलीची खिडकी. दिवा असेपर्यंत या वळणाचा कुणी विचारही केला नव्हता.

मग जिल्ह्याच्या कौन्सिलने ठरवलं की मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत गावातले दिवे बंद. घरोघर एक गुळगुळीत कागद आला. पैसे वाचतील, हवा सुधारेल, वटवाघळांना बरं वाटेल आणि नागरिकांना तारे दिसतील.

“तारे दिसतील म्हणे,” ॲव्हरिल रस्त्यात उभी राहून पोरांच्या आयांना म्हणाली. “पायरीवर आपटलं की तसेही दिसतात. आणि वटवाघळांनी अर्ज कधी केला होता?”

आया हसल्या. तिच्या अर्जावर सह्याही दिल्या, पण खाली बघत, कुणी पाहत नाही ना अशा बेताने. अर्ज गेला आणि उत्तर आलं, फार सभ्य उत्तर. जिथे अंधारामुळे अपघात किंवा गुन्हा झाल्याची नोंद असेल तिथला दिवा चालू ठेवण्याचा विचार जरूर केला जाईल. टेंटर पायऱ्यांबद्दल अशी एकही नोंद नाही. म्हणजे आधी पडा, मग सांगा, मग दिवा. वरातीमागून घोडं, तेही वरातीतला कुणी मेला तरच.

आणि पडणारे पडत होते. नवल पडण्याचं नाही, लपवण्याचं होतं. पेगी शेरॅटचा पाय वळणावरच मुरगळला. डॉक्टरांना तिने सांगितलं, घरातलं मांजर आडवं आलं. पेगीकडे मांजर नव्हतं. वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी कीली नावाची तरुण पोरगी परत येत होती, तर कुणीतरी मागून चालत आलं, ती थांबली की थांबलं, ती पळाली की पळालं. घरी जाऊन दाराला कडी घालून ती सकाळपर्यंत जिन्यात बसून राहिली. पोलिसांकडे गेली नाही. “ते म्हणतील, झालं काय? झालं तर काहीच नाही ना,” असं ती ॲव्हरिलला म्हणाली, “आणि बाई, तुम्ही कुणाला सांगू नका हं.” सगळे ॲव्हरिललाच सांगायचे. तिच्या काठीजवळ घटकाभर थांबायचे, सांगायचे, आणि शेवटी हेच म्हणायचे की कुणाला सांगू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण इथे मुठीत दुसरं काही नव्हतं, मोडकी हाडंच होती.

एका सकाळी नेव्हिल मनगटाला प्लास्टर घालून घरी आला.

“काय झालं?”

“शिडीवरनं पडलो. पन्हळ साफ करत होतो.”

“कुठली शिडी?”

“आपली.”

“आपली शिडी वसंत ऋतूपासून पेगीकडे आहे, नेव्हिल.”

तो खुर्चीवर बसला. “वळणावर पायरी चुकली,” तो म्हणाला. “जन्मभर त्याच पायऱ्या उतरतोय गं मी. हॉस्पिटलात काय सांगायचं, पायरी दिसली नाही? ती नर्स एवढीशी पोर. हसली असती.”

“हसू दे की. लिहून तर घेतलं असतं.”

“आणि लोक काय म्हणतील? ॲव्हरिलने दिव्यासाठी भावाला पाडला.”

हे मात्र खरं होतं. म्हणणारे म्हणालेही असते. ॲव्हरिलने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि एक वचन घेतलं. चॅपलच्या हॉलमध्ये सभा होणार होती, कौन्सिलर हॅलम लोकांचं म्हणणं ऐकायला येणार होता. तिथे नेव्हिलने उभं राहून सांगायचं, मी पायऱ्यांवर पडलो, अंधारात पडलो. बस. भाषण नको. नेव्हिल हो म्हणाला.

तोवर ती रोज पहाटे त्याला खाली सोडायला लागली. पिवळा कोट चढवायची, मोठा टॉर्च घ्यायची, आणि शाळेच्या पोराला न्यावं तशी दंडाला धरून त्याला उतरवायची.

“लोक बघतील, ॲव्ही.”

“बघायला उजेड कुठाय?”

यावर तो हसायचा. खाली पोचल्यावर दुकानातला तवा तापेपर्यंत ती दारात उभी राहायची, पहिलं धिरडं हातात घेऊन पुन्हा वर चढायची. ते दिवस तिला पुढे फार आठवले. दिव्याचं भांडण चालू असूनही ते बरे दिवस होते.

सभेला हॉल भरला. आमच्याकडे सभेला गर्दी झाली की समजावं, केक आहे. हॅलमच्या बायकोने लिंबाचा केक करून पाठवला होता. कोपऱ्यात चहाचं मोठं पिंप उकळत होतं. हॅलम वाईट माणूस नव्हता, हेच तर सगळ्यात वाईट. वाईट असता तर लोक बोलले तरी असते. तो दारात उभा राहून प्रत्येकाला नावाने विचारत होता, सांधे कसे आहेत, लेक कॅनडात रमली का. ॲव्हरिलला बघून म्हणाला, “बघा, नाडी बांधलीय मी,” आणि बूट पुढे केला. सगळे हसले. तीही हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवर चिडली.

तो बोलायला उभा राहिला. कौन्सिलची ओढाताण त्याने सांगितली, शेजारच्या गावांनी कसं समजून घेतलं ते सांगितलं. “भीती मी समजू शकतो,” तो म्हणाला, “पण भीती म्हणजे घटना नव्हे. एकही घटना नोंदलेली नाही. असती तर मी स्वतः भांडलो असतो.”

ॲव्हरिल उठली. “घटना हव्यात ना तुला? घे. या हॉलमध्ये बसलेत त्यांतले किती जण पायऱ्यांवर पडले? ज्यांना ज्यांना तिथे काही झालं असेल त्यांनी हात वर करा.”

हाताची घडी, तोंडावर बोट. पेगी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. कीली दाराशी उभी होती ती अर्धी बाहेर सरकली. बाकीच्यांनी छताकडे, पिंपाकडे, केककडे पाहिलं. ॲव्हरिल एकेका चेहऱ्याकडे बघत होती. पोरं असताना यांतल्या निम्म्यांचे हात तिने हातात धरले होते, आणि आता त्यांतला एक वर येत नव्हता.

“नेव्हिल,” ती म्हणाली.

नेव्हिल उठला. प्लास्टरचा हात पोटाशी धरलेला. तो तोंड उघडणार तेवढ्यात हॅलमच पुढे झुकून मायेने म्हणाला, “अरे हो, नेव्हिल, हात कसा आहे? शिडीवरून पडलात ना? माझी आई सांगत होती.”

त्याचा हेतू काही वाईट नव्हता. त्याने चौकशी केली. आता त्याला सगळ्यांसमोर, त्याच्या आईसकट, खोटं पाडायचं म्हणजे केवढा उर्मटपणा. नेव्हिलने बहिणीकडे पाहिलं, मग हॅलमकडे.

“हो,” तो म्हणाला. “शिडी. बराय आता. काही हरकत नाही.”

कुणीतरी म्हणालं की या वयात शिडी नकोच, त्यावर थोडं हसू झालं, आणि नेव्हिल खाली बसला. नंतर चहाच्या वेळी एकेक जण ॲव्हरिलजवळ आला. “छान बोललीस हो, बदके.” “तुझ्यासारखी हिंमत हवी.” पेगीने तिच्या दंडाला हात लावला आणि हळूच म्हणाली, “तुझं सगळं पटतं गं मला.” ॲव्हरिलला एकेकाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. नेव्हिल कोपऱ्यात उभा राहून डाव्या हाताने केक खात होता.

घरी येताना ती नेव्हिलच्या चार पावलं पुढे चालली. स्वयंपाकघरात आल्यावर नेव्हिलच म्हणाला, “किती आपुलकीने विचारलं गं त्याने. सगळ्यांसमोर त्याला खोटं पाडायचं?”

“म्हणून मला पाडलंस.”

“केकही केला होता त्यांनी.”

“केक,” ॲव्हरिल म्हणाली. तिने टॉर्च काढून दाराशेजारच्या खुंटीला अडकवला. “शिडीवरनं पडणाऱ्याला पायऱ्यांची कसली भीती? उद्यापासून एकटा जा.”

“काही हरकत नाही,” नेव्हिल म्हणाला.

तो एकटा जायला लागला. ॲव्हरिल जागी असायची. जिना करकरायचा, मोरीत पाणी वाजायचं, दार हलकेच लागायचं, तिची झोप मोडू नये म्हणून. उठावं असं तिला रोज वाटायचं. रोज ती म्हणायची, आज नाही, आधी त्याला कळू दे. टॉर्च खुंटीलाच असायचा. नेव्हिल तो न्यायचा नाही, कारण तो तिचा होता आणि तिने घेऊन जा म्हटलं नव्हतं. एवढंसं म्हणायला काय झालं होतं? पण ती म्हणाली नाही. प्लास्टर निघालं, मनगट अशक्तच राहिलं.

मग एके दिवशी उजाडल्यावर कुत्रं फिरवायला निघालेल्या माणसाला तो वळणावर सापडला. मांडी भलत्याच बाजूला वळलेली, अंग गारठून दगड झालेलं, पण शुद्धीवर होता. त्या माणसाला पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? “माफ करा हं, तुमची वाट अडवली.”

तो कधीचा तिथे पडला होता. विझलेल्या दिव्याच्या खांबाला टेकून. हात लांब केला असता तर पेगीच्या खिडकीची काच वाजली असती. ॲव्हरिलने हॉस्पिटलात त्याला हेच विचारलं. “हाक का नाही मारलीस?”

“सगळे झोपले होते गं,” नेव्हिल म्हणाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं आणि थंडी छातीत उतरली होती. अँब्युलन्सवाल्यांनी विचारलं तेव्हा त्याने सांगून टाकलं होतं की माझीच चूक, बुटाची नाडी सुटली होती. तेच पुढे डॉक्टरांनी लिहिलं, नर्सने सांगितलं, गावभर झालं. ॲव्हरिलला ते कळलं तेव्हा ती त्याच्या खाटेशेजारी बसून होती. खाटेखाली प्लास्टिकच्या पिशवीत त्याचे कपडे होते आणि बूट. तिने पिशवी उघडून पाहिली आणि पुन्हा बंद केली.

संध्याकाळी हॅलम आला, द्राक्षं घेऊन. खुर्ची ओढून बसला. खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं त्याला.

“नेव्हिल, काही लागलं तर सांगा. कौन्सिलकडून काहीही.”

“नाही, नाही,” नेव्हिल धापा टाकत म्हणाला. “तुम्ही कशाला एवढे लांब आलात. नाडी सुटली होती, दुसरं काय.”

ॲव्हरिल वाकली. तिने पिशवीतून एक बूट काढला आणि द्राक्षांच्या शेजारी, पांढऱ्या चादरीवर ठेवला. दुकानात घालायचा रबरी बूट. पिठाने पांढरा झालेला. नुसता पाय सरकवायचा.

“दाखव,” ती हॅलमला म्हणाली. “नाडी दाखव मला.”

हॅलम बुटाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. शाळेत होता तेव्हाही व्हायचे.

“डेमियन, तू पोरगा होतास तेव्हापासून नाडीबद्दल मी तुला काय सांगत आलेय? माझ्या घरातला माणूस सुटलेल्या नाडीने पडेल? बूट बघ. बघ आणि जाऊन लिही, याला नाडी नव्हती. याला अंधारात पायरी दिसली नाही.”

“ॲव्हरिल, ही वेळ नाही हो,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “आणि ते स्वतःच सांगताहेत. मी त्यांच्यापेक्षा वेगळं कसं लिहू?”

“नेव्हिल, सांग त्याला.”

नेव्हिलने डोळे मिटले होते. “पुरे गं ॲव्ही,” तो म्हणाला. “आलेल्या माणसासमोर.”

हॅलमने त्याच्या हातावर थोपटलं आणि तो गेला. ॲव्हरिलने बूट उचलला, चादरीवर पडलेलं पीठ हाताने झटकलं. तिला रडायचं होतं, पण रागाने रडू येईना.

“एकदा,” ती म्हणाली. “एकदा माझ्यासाठी सांगितलं असतंस.”

नेव्हिलने डोळे उघडले. “रागावू नको. तू सोडायला येत होतीस ते बरं वाटायचं मला.”

“मग सांगायचं नाहीस का? ये म्हणून?”

“तुला त्रास कशाला.”

न्यूमोनियाने तो गेला. शेवटच्या दिवसांत पाणी पाजणाऱ्या प्रत्येक नर्सची त्याने माफी मागितली. चॅपल पुन्हा भरलं. पाद्रीबाबांनी सांगितलं की नेव्हिल टनिक्लिफने आयुष्यात कधी कशाची तक्रार केली नाही, आणि सगळ्या बाकांवरून माना डोलल्या. हॅमचे सँडविच होते. कौन्सिलकडून फुलं आली. गावाने विझलेल्या दिव्याच्या खांबाला गुच्छ बांधले, चकचकीत कागदातले, इतके की वळणावरची वाट अरुंद झाली. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे दिव्यातच अंधार आणि खाली फुलं. दिव्याचं काय म्हणून ॲव्हरिलने विचारलं तर उत्तर आलं की झालेली घटना दुर्दैवी आहे, मात्र तिचं कारण बुटाची नाडी असं नोंदलेलं असल्याने प्रकाशाशी संबंध जोडता येत नाही.

यानंतर ॲव्हरिलने अर्ज केला नाही की कुणाशी भांडली नाही. पहाटे उठायची, पिवळा कोट चढवायची, खुंटीवरचा टॉर्च काढायची आणि वळणावर जाऊन उभी राहायची. पावलं वाजली की टॉर्च पायऱ्यांवर धरायची. धिरड्यांच्या दुकानात आता दुसरा माणूस होता, तो यायचा. पोस्टमन यायचा. रात्रपाळी करून कीली वर यायची आणि न विचारता तिचा हात धरायची. उजाडलं की ॲव्हरिल घरी येऊन चहा करायची, दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची. भावाला जे द्यायला हवं होतं ते ती आता वाटेवरच्या कुणालाही देत होती, आणि याने काही फिटत नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

एका दुपारी शाळा सुटल्यावर हॅलम काठीजवळ आला. पोरं पलीकडे जाईपर्यंत थांबला.

“ॲव्हरिल, एक अडचण झालीय. टेंटर पायऱ्यांबद्दल तक्रार आलीय.”

“आली? कुणी केली? पडल्याची?”

“नाही. उजेडाची.” तो रस्त्याकडे बघत होता. “पहाटे खिडकीवर टॉर्च मारला जातो, झोपमोड होते, अशी. रीतसर नोंद झालीय, त्यामुळे मला काहीतरी करावंच लागणार. आणि तो कोट कौन्सिलचा आहे, शाळेच्या वेळेपुरता. मला फार वाईट वाटतंय हो.”

“टेंटर पायऱ्यांबद्दलची पहिलीच नोंद असेल,” ॲव्हरिल म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “पहिलीच.”

त्याच संध्याकाळी पेगी शेरॅट दारात आली. काखेत ॲल्युमिनियमची शिडी. तिने ती भिंतीला टेकवली, रुमालाने नाक पुसलं. डोळे सुजलेले होते.

“शिडी परत करायची राहूनच गेली होती बघ,” ती म्हणाली. मग तिथेच घुटमळली. “तुला कळलंच असेल. मीच केली गं तक्रार. नेव्हिल तिथे पडून होता आणि मी आत घोरत होते, त्या दिवसापासून झोप अशी नाहीच. जरा डोळा लागतो तर तुझा टॉर्च पडद्यावर फिरतो आणि मला वाटतं, तोच आलाय. काच वाजवायला.” तिने पुन्हा नाक पुसलं. “आधी वाटलं, गप्प बसावं. पण तूच तर जन्मभर सांगत आलीस ना, बदके, लाजू नका, तोंड उघडा, सांगा म्हणून? म्हटलं, एकदा ॲव्हरिलचं ऐकावं.”

ॲव्हरिल दाराला धरून उभी होती. बोलायला पुष्कळ होतं. मांजर होतं. मुरगळलेला पाय होता. सभेतली पर्स होती. जिभेच्या टोकावर सगळं आलं आणि तिथेच राहिलं, कारण समोरची बाई थंडीत उभी राहून रडत होती, आणि दारात आलेल्या माणसाला काय बोलायचं.

“काही हरकत नाही,” ती म्हणाली.

पेगीला बरं वाटलं. ती पायऱ्यांकडे वळली. बाहेर दिवे अजून चालू होते, मध्यरात्रीला वेळ होता. ॲव्हरिलने शिडी उचलून मागच्या खोलीत नेली आणि भिंतीला आडवी लावून ठेवली.